नदीकडे कललेलं गाव

कोथरूडहून डेक्कनला जाताना उतार आहे, हे मला वयाच्या एकावन्नाव्या वर्षी कळलं.

त्याआधी बावीस वर्षं मी त्याच कर्वे रस्त्यानं स्कूटरवरून बँकेत जात-येत होते. जाताना मूठ जेवढी पिळायची तेवढीच येताना. कुठला सिग्नल लांबतो, कुठल्या चौकात पोलीस उभा असतो, कुठं डावीकडून पुढं काढता येतं, सगळं पाठ होतं. रस्त्याला चढ आहे की उतार, हा प्रश्न मात्र कधी पडला नव्हता. मग गुडघा दुखायला लागला. डॉक्टर म्हणाले, जिने टाळा, सायकल चालवून बघा. पुतण्या नोकरीसाठी बंगळुरूला गेलेला, त्याची गिअरची सायकल आमच्या जिन्याखाली दोन वर्षं धूळ खात पडली होती. ती धुतली, हवा भरून आणली आणि एका रविवारी सकाळी सहाला डहाणूकर कॉलनीतून निघाले. कर्वे पुतळा ओलांडला, दम लागला म्हणून पाय थांबवले, आणि सायकल चालतच राहिली. मागच्या चाकातून टिकटिक टिकटिक, कानाशी वारा. मध्ये कुठं चार, कुठं सहा पायडलं मारली असतील, तेवढ्यात नळस्टॉप आला. कडेला थांबून मी मागं वळून बघितलं. इतकी वर्षं पायाखालून गेलेला रस्ता मी पहिल्यांदा बघत होते.

परत येताना अर्थात सगळं फेडावं लागलं.

त्यानंतर मला नादच लागला. कुठल्याही गल्लीत शिरलं की आधी पाय थांबवायचे आणि सायकल काय करते ते बघायचं. लॉ कॉलेज रस्त्यावरून प्रभात रस्त्याच्या गल्ल्यांत वळलं की ती आपली आपण पळायला लागते, कारण टेकडी पाठीशी राहते. विद्यापीठाच्या चौकातून गणेशखिंड रस्त्यानं शिवाजीनगरकडे निघालं की तेच. कात्रजहून स्वारगेटला येताना तर ब्रेकवरचा हात काढवत नाही. महिनाभरात ध्यानात आलं की हे सगळे उतार एकाच ओढीचे आहेत. पुणं ही कडेनं टेकड्या असलेली परात आहे. मधून मुठा वाहते, संगमावर तिला मुळा भेटते, आणि परातीत कुठंही थेंब टाकला तरी तो शेवटी तिकडंच जातो. शाळेत भूगोलात हे वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. मांड्यांना कळलं ते आत्ता.

मराठीत यासाठी फार सुंदर शब्द आहे – रपेट. मूळचा घोड्यावरचा. रपेटीला निघालेल्या माणसाला कुठं जायचं नसतं. भाजी आणायला गेलं तर ते काम, व्यायामाला गेलं तर तो नेम. रपेटीला यातलं काही लागत नाही. मी रोज नऊ-दहा किलोमीटर जाते, रविवारी वीस-पंचवीस. पुण्यात मोठी मजल मारणारे खूप आहेत आणि त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. दोनशे किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पार करायची लांब पल्ल्याची फेरी, साडेतेरा तासांच्या आत पुरी करणारे लोक माझ्या ओळखीत आहेत. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीनं तर २०१८ साली, विशीत, १५९ दिवसांत सुमारे २९,००० किलोमीटरची पृथ्वीप्रदक्षिणा सायकलवरून केली. पण नऊ किलोमीटरमध्ये जे मिळतं ते मला पुरतं, रोज पुरतं, आणि उद्या परत हवंसं वाटतं.

काय मिळतं? सगळ्यात आधी वास. बारा-चौदाच्या वेगाला वास येतात. चालताना एकच वास फार वेळ सोबत राहतो, गाडीवर तो नाकापर्यंत पोचायच्या आत मागं पडतो. सायकलवर ते एकामागून एक येतात, ताटातल्या पदार्थांसारखे, एकमेकांत न मिसळता. पहाटे पेठांमधून जाताना आधी सडा टाकलेल्या दगडांचा, मग कुणाच्या तरी फोडणीचा, मग बेकरीच्या भट्टीतल्या पावांचा, मग मंडईच्या अलीकडे झेंडूच्या आणि ओल्या पोत्यांचा. दिवाळीच्या आधी बुचाची झाडं फुलतात. आकाशनिंब हे त्याचं पुस्तकी नाव, पण आमच्याकडे कुणी म्हणत नाही. रात्री जुन्या बंगल्यांच्या रस्त्यांवरून जाताना डोळे मिटले तरी बुचाचं झाड कधी आलं ते कळतं. सकाळी त्याच जागी लांब देठांची पांढरी फुलं पडलेली असतात. सायकल टेकवायची, ओंजळभर उचलायची, हँडलच्या टोपलीत टाकायची. त्यासाठी पार्किंग शोधावं लागत नाही, हेल्मेट डिकीत ठेवावं लागत नाही, मागच्याचा हॉर्न ऐकावा लागत नाही. मनात आलं आणि पाय टेकला, इतकंच. बावीस वर्षांत स्कूटर थांबवून मी फुलं वेचल्याचं मला आठवत नाही.

मग आवाज. सायकलीला स्वतःचा आवाज जवळजवळ नाही, म्हणून बाकीचे सगळे येतात. पहिल्या मजल्यावरची कुकरची शिट्टी, तंबोरा जुळवणारं कुणीतरी, फुटपाथवर बसून वर्तमानपत्रात पुरवण्या घालणाऱ्या मुलांच्या गप्पा. प्रभात रस्त्याच्या आतल्या गल्ल्यांत राखी धनेश ओरडतात. एकदा तर माझ्या डोक्यावरून एक जोडी या झाडावरून त्या झाडावर गेली आणि पंखांची सूं-सूं स्पष्ट ऐकू आली. पाषाण तलावाच्या काठी हिवाळ्यात हळदी-कुंकू बदकं दिसतात. चोच टोकाला पिवळी आणि मुळाशी तांबडा ठिपका, म्हणून हळदी-कुंकू. असं नाव ठेवणाऱ्या माणसाला, बहुधा बाईला, भेटायला मला आवडलं असतं.

पाषाणच्या वाटेवरच मला थंडीचा एक गुण समजला. डिसेंबरातली गोष्ट. सेनापती बापट रस्त्यानं विद्यापीठ, तिथून पाषाण, असा माझा रविवारचा रस्ता. एका ठिकाणी रस्ता किंचित खोल जातो, खालून ओढा जातो म्हणून. तिथं पोचले की गुडघ्यांना एकदम गार हवा लागायची आणि पलीकडे वर आलं की ती संपायची. पाण्यात चालताना खड्डा लागावा तशी. पहिल्यांदा वाटलं भास आहे. दुसऱ्या रविवारी तीच जागा, तोच गारवा. मग समजून घेतलं. गार हवा जड असते, रात्रभर टेकड्यांवरून ती हळूहळू खाली ओघळते आणि सखल जागी साठते. हवासुद्धा पाण्यासारखी उताराच्या वाटेनं येते! वर्तमानपत्रात शिवाजीनगरचं आणि पाषाणचं किमान तापमान वेगवेगळं छापून येतं, आणि पाषाणचा आकडा बहुतेक वेळा खालचा असतो, हे मी कित्येक वर्षं वाचत आले होते. शिवाजीनगरला हवामान खात्याची ती घड्याळाच्या मनोऱ्याची देखणी दगडी इमारत आहे. १९२८ साली खात्याचं मुख्य कार्यालय सिमल्याहून इथं आलं म्हणून चौकाचं नाव अजून सिमला ऑफिस. त्या इमारतीसमोरून मी हजार वेळा गेले असेन. तिथले लोक काय मोजतात ते माझ्या गुडघ्यांना कळलं एका ओढ्यावर.

सायकल मला दुसऱ्यांदा भेटली आहे, हेही सांगितलं पाहिजे. पहिल्यांदा भेटली ती नारायण पेठेत. आमच्या वाड्याच्या कोपऱ्यावर भाड्यानं सायकली देणारं दुकान होतं. आठ आणे तास. मडगार्डवर पांढऱ्या रंगानं नंबर घातलेला, दुकानदार वहीत नाव आणि वेळ लिहायचे आणि भिंतीवरच्या घड्याळाकडं बोट दाखवायचे. त्या एका तासाचं आम्ही काय काय करायचो! दोघा भावंडांत एक सायकल, अर्धा तास त्याचा, अर्धा माझा, आणि ज्याची पाळी नाही त्यानं कॅरिअर धरून मागं पळायचं. मोठी सायकल शिकले ती बाबांची. काळी, उंच, मधे दांडी, पायात चेनकव्हर. सीटवर बसून पाय पोचायचे नाहीत, म्हणून दांडीखालून एक पाय पलीकडं घालून, अंग एका बाजूला काढून अर्धी-अर्धी पायडलं मारायची. ती चालवणारं मूल लांबून खेकड्यासारखं दिसतं. तोल सांभाळायचा, हँडल सांभाळायचं आणि फ्रॉक चेनमध्ये जाऊ द्यायचा नाही. शनिवारवाड्यासमोरच्या मैदानावर मी गुडघे किती वेळा फोडले त्याला गणती नाही.

पुणं तेव्हा खरोखर सायकलींचं होतं. कॉलेजच्या स्टँडवर सायकलींच्या रांगा, सिनेमाच्या थिएटरबाहेर सायकलींचा डोंगर, आणि सुटताना आपली सायकल शोधून काढायची म्हणजे एक कलाच. बाबांच्या सायकलीला महापालिकेचा पत्र्याचा बिल्ला होता. कर भरल्याची खूण. रात्री दिवा नसला तर पोलीस अडवायचा, डबलसीट दिसलं तर उतरवायचा. मी गरवारे कॉलेजात लेडीज सायकलवरून गेले. आमच्या वर्गातल्या निम्म्या मुली सायकलवरून यायच्या, आणि आईवडिलांना न सांगता कुठंतरी जाऊन येण्याचं पहिलं स्वातंत्र्य आम्हाला तिनंच दिलं. घरी कळायच्या आत चतुःशृंगीपर्यंत जाऊन येता यायचं. मग नोकरी लागली, लग्न झालं, स्कूटर आली. तीस वर्षं मी सायकलवर बसले नाही.

कर्वेनगरला विक्रम पेंडसे सायकल म्युझियम आहे. पुण्यात राहून ते न बघणं मला चुकीचं वाटतं. तिथली दुसऱ्या महायुद्धातल्या छत्रीधारी सैनिकांसाठी बनवलेली घडीची बीएसए सायकल बघायला लोक थांबतात, मीही थांबले. सांगाड्यावरचे दोन खटके सैल केले की ती अर्ध्यात दुमडते. पण माझा पाय खरा अडला तो आमच्या बाबांच्या सायकलीसारख्या एका साध्या काळ्या सायकलीपाशी. चेनकव्हरला हात लावायचा मोह आवरला.

आता माझी सायकल बघतात ते काका सत्तरीचे आहेत. त्यांचं दुकान म्हणजे एका जिन्याखालची जागा. पंप, पाण्याची घमेली, छताला टांगलेली रिमं. मी त्यांना पहिल्याच दिवशी विचारलं, “काका, पाय थांबवले की मागून टिकटिक वाजतं, ते काही बिघडलंय का?”

“बिघडलं नाही ताई, तब्येत बरी आहे म्हणून वाजतंय,” ते म्हणाले आणि एक जुनं फ्रीव्हील उघडून माझ्या तळहातावर ठेवलं. आत दातेरी कडं आणि त्याच्यावर टेकलेली दोन छोटी पोलादी जिभाळी, मागं बारीक स्प्रिंग. “यांना आम्ही कुत्ते म्हणतो. तुम्ही पायडल मारलं की हे दातात अडकतात आणि चाक ओढतात. पाय थांबवलात की दातांवरून घसरत जातात. तोच आवाज.” त्यांनी ते बोटानं फिरवून दाखवलं. एका बाजूला फिरलं, टिकटिक करत. दुसऱ्या बाजूला घट्ट धरलं. दोन जिभाळ्यांवर सगळा उताराचा आनंद टेकलेला आहे. ती नसती तर उतारावर चाकाबरोबर पायडलंही गरगर फिरत राहिली असती आणि पायांना विसावा असा मिळालाच नसता.

हवेचंही तसंच. १८८८ साली हवा भरलेल्या टायरचं पेटंट घेतलं ते बेलफास्टमधल्या जॉन बॉइड डनलॉप नावाच्या गुरांच्या डॉक्टरनं. मुलाची तीनचाकी दगडी रस्त्यावर खडखडते, त्याला धक्के बसतात, म्हणून त्यानं चाकांना हवा भरलेली रबराची नळी गुंडाळून बघितली होती. त्याआधी लोक भरीव रबरावरून, त्याच्याही आधी लोखंडी पट्टीवरून सायकल चालवायचे. काका दर पंधरा दिवसांनी अंगठ्यानं टायर दाबून बघतात आणि म्हणतात, “हवा कमी आहे, उगाच कष्ट घेताय.” त्यांच्या पंपाला काटा आहे, पण त्यांचा विश्वास अंगठ्यावर. हवा भरून बाहेर पडलं की पहिले शंभर मीटर सायकल जमिनीवरून चालतच नाही असं वाटतं. हे सुख दहा रुपयांत मिळतं.

त्रास नाही असं नाही. सायकलसाठी आखलेल्या पट्ट्यांवर गाड्या उभ्या असतात, टपऱ्या असतात, मध्येच विजेचा डबा असतो, आणि पट्टा कुठंतरी अचानक संपतो. दोन वर्षांपूर्वी उभ्या असलेल्या एका मोटारीचं दार माझ्यासमोर उघडलं आणि मी आडवी झाले. कोपर सोलून निघालं. शेजारच्या उसाच्या गुऱ्हाळातली बाई धावत आली, तिनं पाणी ओतलं, हळद आणून दाबली आणि सायकलचं वाकडं झालेलं हँडल दोन गुडघ्यांत धरून सरळ करून दिलं. मला अजून राग येतो. हे शहर सायकलनं वाढलं आणि सायकलवाल्याला आज इथं जीव मुठीत धरून जावं लागतं, याचा राग. म्हणून मी पहाटे निघते. साडेसातला पुणं दुसऱ्यांच्या ताब्यात जातं.

पावसाळ्यात परतीचा रस्ता खरा कस लावतो. जून ते सप्टेंबर वारा पश्चिमेचा, आणि डेक्कनहून कोथरूड पश्चिमेलाच. चढही समोर आणि वाराही. पौड फाट्यापाशी तर वाटतं कुणीतरी छातीवर हात ठेवून मागं लोटतंय. अशा वेळी गिअर खाली घ्यायचा, नजर पुढच्या दहा फुटांवर ठेवायची आणि गाणं म्हणायचं, दम टिकेल त्या लयीत. हे मला आवडतं. उताराइतकंच आवडतं म्हणणार नाही, पण घरी पोचल्यावर चहाची जी चव लागते ती उताराला नाही.

त्याच दिवसांत भिडे पुलाची खबर रोज घ्यावी लागते. खडकवासल्यातून पाणी सोडलं की नदीपात्रातला रस्ता आणि भिडे पूल आधी बुडतात. पुणेकरांचं पाऊस मोजायचं ते जुनं माप आहे. पूल बुडाला की मी लकडी पुलावर सायकल कठड्याला टेकवून बराच वेळ बघत राहते. गढूळ पाणी, त्यातून वाहत येणारी झाडं, आणि कडेनं छत्र्या घेऊन उभी असलेली माणसं. त्या गर्दीत साठी-सत्तरीच्या पुढचे लोक असतात. ते फार बोलत नाहीत. एकसष्ट सालचं पाणी बघितलेले.

१२ जुलै १९६१. पानशेतचं धरण सकाळी फुटलं, तो लोंढा येऊन खडकवासल्याचं धरणही फुटलं आणि पाणी पुण्यात शिरलं. बाबा तेव्हा बावीस वर्षांचे, शनिवार पेठेत एका छापखान्यात कंपोझिटर. घरी नारायण पेठेत आजी एकटी. अफवा एवढ्या उठत होत्या की कुठलं खरं आणि कुठलं खोटं कुणालाच कळत नव्हतं. बाबा सायकल काढून घरी आले, आजीला म्हणाले, “बस मागं.” नऊवारीतली आजी आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटची सायकलवर बसली, मांडीवर देवांचा डबा घेऊन. लोक मिळेल त्या दिशेनं पळत होते. बाबांनी ठरवलं की नदीपासून लांब जायचं, पण पेठेतल्या बोळांत नदी कुठल्या बाजूला आहे ते दिसतं थोडंच? आम्ही लहानपणी विचारायचो, “मग तुम्हाला कळलं कसं कुठं वळायचं ते?”

“पायडल सांगायचं,” बाबा म्हणायचे. “वळल्यावर जड झालं तर बरोबर चाललोय. हलकं झालं की मागं फिरायचं.”

आणि मग नेहमी पुढचं. वाटेत आजी म्हणाली, “अरे, चढ लागलाय, उतरते मी, तुला जड जातंय.” बाबा म्हणाले, “जड जातंय तेच बरंय, बस तू.” ती रात्र त्यांनी सातारा रस्त्यावर पद्मावतीच्या देवळाशी काढली. चार दिवसांनी परतले तेव्हा वाड्याच्या भिंतीवर पुरुषभर उंचीच्या वर चिखलाची रेघ होती. घरातलं जे वाचलं ते म्हणजे देवांचा डबा आणि सायकल. तीच सायकल पुढं मी दांडीखालून चालवली, तीच बाबांनी १९९२ मध्ये एका दूधवाल्याला विकली.

आम्हा मुलांना ही गोष्ट इतकी पाठ होती की आम्ही ती ऐकायचं सोडून दिलं होतं. बाबा गेले त्याला नऊ वर्षं झाली. नक्की कुठल्या बोळातून कुठं वळले, हे मी त्यांना कधी विचारलं नाही.

पुढं वाचताना कळलं की बाबा ज्या रस्त्यानं वर गेले त्याच बाजूनं एके काळी पुण्याचं पाणी खाली यायचं. अठराव्या शतकाच्या मध्यावर, नानासाहेब पेशव्यांच्या काळात, कात्रजला तलाव बांधून तिथून शनिवारवाड्यापर्यंत जमिनीखालून पाण्याचा नळ आणला होता. पंप नाही, रहाट नाही, नुसत्या उतारावर पाणी पेठांमधल्या हौदांत पोचायचं. नळात हवा अडकून पाणी थांबू नये म्हणून वाटेत ठिकठिकाणी दगडी बांधकामाचे मनोरे ठेवले होते. त्यांना उच्छ्वास म्हणतात. पाण्याच्या वाटेला श्वास सोडायला जागा! ज्यांनी तो नळ आखला, त्यांना पुण्याचा उतार बोटभर फरकानं ठाऊक असणार. कात्रजहून स्वारगेटकडे पाय न हलवता येताना मला दर वेळी ती माणसं आठवतात.

गेल्या १२ जुलैला मी पहाटे पाचला नारायण पेठेत गेले. वाडा आता नाही, पाच मजली इमारत आहे. फाटकाशी उभी राहिले. झिमझिम पाऊस होता, रस्ते मोकळे. ठरवलं होतं की प्रत्येक कोपऱ्यावर थांबायचं, दोन्ही बाजूंना चार-चार पायडलं मारून बघायची आणि जिकडं जड लागेल तिकडं वळायचं. गिअर एकच ठेवला, मधला. बाबांच्या सायकलीला गिअर नव्हते.

पहिल्या दोन वळणांवर काहीच कळेना. दोन्हीकडं सारखंच. सायकल वळवून परत आले, पुन्हा गेले. एक दूधवाला थांबून बघत होता. मग डोळे रस्त्यावरून काढले आणि नुसतं पायांकडं लक्ष दिलं, तेव्हा उजवीकडं किंचित, अगदी किंचित जड लागलं. लक्ष्मी रस्ता ओलांडला. सदाशिव पेठेतल्या बोळांत कुठं खरं, कुठं फसवं. काही ठिकाणी रस्ता इतक्या वेळा खणून, भरून वर आलाय की मूळची जमीन काय होती ते सांगता येत नाही. टिळक रस्त्यावर आले. सारसबागेकडे वळून बघितलं आणि पायडल एकदम हलकं झालं. तिथं पूर्वी तळं होतं, गणपती अजून तळ्यातलाच आहे. मागं फिरले. स्वारगेट. आणि तिथून सातारा रस्त्याला लागल्यावर पायडल जड झालं ते झालंच, मग विचारायचं काही राहिलं नाही. कॅरिअरवर एक माणूस आणि मांडीवर डबा घेऊन हा चढ कसा लागत असेल, त्याचा अंदाज घेत गेले. गिअर बदलला नाही.

पद्मावतीपाशी टपरीवर चहा घेतला. चहावाला पोरगा माझ्या ओल्या रेनकोटकडं आणि सायकलकडं बघत होता.

“कुठून आलात मावशी?”

“नारायण पेठेतून.”

“इतक्या सकाळी? कुणी आहे का इकडं?”

“आमची आजी आली होती इथं,” मी म्हटलं, “आणि बाबा.”

त्यानं पुढं काही विचारलं नाही. दुसरा चहा अर्धाच भरून दिला आणि पैसे घेतले नाहीत. देवळाबाहेरूनच नमस्कार केला, सायकल वळवली, एकदा पायडल मारलं आणि पाय थांबवले. लक्ष्मीनारायण थिएटर येईपर्यंत पाऊस थांबला होता, आणि मागून टिकटिक टिकटिक चालूच होती.